फसगत आणि फसवणूक

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वैशाखाचे दिवस होते. मालवणच्या आमच्या घरी माजघरात आंब्यांची आढी लागलेली, पडवीत पेंढ्याचा पसारा पडलेला, आणि मुले घटकेघटकेला आढी उकरून पाहण्यात गुंतलेली, अशा वेळी पोस्टमनने पुण्याचे कार्ड आणून दिले. कार्ड आमच्या चुलत बंधूंचे, बापूंचे. देवगडकडील आमच्या लहानशा बागेतील हापूसची एक पेटी दरवर्षी त्यांच्याकडे जात असे, आणि ‘पेटी पावली, आंबे उत्तम निघाले’ अशी दोन ओळींची पोच येत असे. त्या वर्षीची पोचही दोन ओळींचीच होती; पण ओळी निराळ्या होत्या. ‘पेटी पावली. निम्मे आंबे कापल्यावर टाकून द्यावे लागले. यंदा तुम्ही आमची फसवणूक केलीत.’

थोरल्या काकूंनी ते कार्ड दोनदा वाचले, काही न बोलता देवघराच्या कोनाड्यात ठेवून दिले, आणि बागेवरच्या गड्याला बोलावणे पाठविले. तो आला, पायरीवर बसला, आणि सगळे ऐकून घेऊन म्हणाला, “आंबो भायरसून कळणा नाय, काकीनू. साको आसतलो.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. हापूस आंब्याच्या गरात कोयीभोवती पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस भाग तयार होतो. त्यास आपल्याकडे ‘साका’ म्हणतात. फळ वरून केशरी, घमघमणारे, निर्दोष. सुरी घालेपर्यंत बागायतदारासही त्याचा पत्ता लागत नाही. शास्त्रज्ञ त्याचा संबंध उष्णतेशी आणि कोय आतल्या आत रुजू पाहण्याशी जोडतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ ही जात पुढे आणली, तिचा एक मोठा गुण सांगितला जातो तो हाच, की तिच्यात साका होत नाही. मुद्दा इतकाच की, पुण्याच्या पेटीत निघाला तो निसर्गाचा दोष होता. माणसाची करणी नव्हती.

काकूंनी त्याच संध्याकाळी उत्तर लिहविले. ‘चि. बापू यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. आंबे वाईट निघाले याचे आम्हांसही वाईट वाटले. परंतु तुमची फसगत झाली, फसवणूक नव्हे. या दोहोंतला भेद ज्याला कळत नाही त्याने घरच्या माणसांस पत्र लिहिताना शेजारी कोणास तरी विचारून लिहावे.’ हे उत्तर अर्थातच बापूंना झोंबले. पुढील दोन वर्षे पेटी गेली नाही. त्यांच्या मुलाच्या मुंजीचे आमंत्रण आले ते छापील, वर हाताने एक ओळही न लिहिलेले. एका शब्दाने, आणि तोही चुकून वापरलेल्या शब्दाने, दोन घरांमध्ये जी भिंत उभी राहिली ती पाडावयास पुढे काकूंना स्वतः पुण्यास जावे लागले.

हा प्रसंग आज सांगण्याचे कारण असे की, फसविण्याविषयीचे शब्द आपण घरीदारी फार सैलपणे वापरतो. भाषा शुद्ध असावी ही एक गोष्ट झाली. पण या शब्दांच्या बाबतीत अशुद्धतेचा अर्थ केवळ व्याकरणाची चूक एवढाच होत नाही. एखाद्यावर आरोप होतो, अथवा एखादा आरोपी सुटतो.

प्रथम या दोन शब्दांचेच पाहू. ‘फसणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. पाय चिखलात फसतो, डाव फसतो, माणूसही फसतो. या क्रियेला फसविणारा लागतच नाही. ‘फसवणे’ म्हटले की कर्ता पुढे उभा राहतो. कोणी फसविले हा प्रश्न टाळता येत नाही. ‘फसगत’ हा शब्द पहिल्या घराण्यातला. त्यातील ‘गत’ म्हणजे अवस्था. दुर्गत, गत झाली, या प्रयोगांत दिसते तीच. फसगत ही होते. ती कोणी करीत नाही. ‘फसवणूक’ हा शब्द दुसऱ्या घराण्यातला. नेमणूक, अडवणूक, पिळवणूक यांच्या पंक्तीला तो बसतो. नेमणारा नसेल तर नेमणूक नाही, पिळणारा नसेल तर पिळवणूक नाही, त्याचप्रमाणे फसविणारा नसेल तर फसवणूक नाही.

आता वाक्ये करून पाहावी. ‘उन्हे पडली म्हणून वाळवण घातले आणि तासाभरात पाऊस आला, आमची फसगत झाली.’ हे वाक्य शुद्ध आहे, कारण पावसाचा काही हेतू नसतो. ‘पावसाने आमची फसवणूक केली’ हे काव्यात शोभेल, व्यवहारात शोभणार नाही. ‘दोन भावांचे चेहरे इतके सारखे की, धाकट्याला थोरला समजून आम्ही नमस्कार केला, आमची फसगत झाली.’ हेही शुद्ध. ‘दुकानदाराने तूप म्हणून वनस्पती दिले, आमची फसगत झाली.’ येथे मात्र वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही व्यवहाराने अशुद्ध आहे. दुकानदार जाणून होता. त्याचे नाव वाक्यात असूनही शेवटच्या शब्दाने त्याला मागच्या दाराने निघून जाऊ दिले.

‘फसवा’ या विशेषणाचीही अशीच गंमत आहे. मालवणच्या किनाऱ्यापुढे, सिंधुदुर्गाच्या आसपास, पाण्याखाली दडलेले खडक फार आहेत. नवख्या तांडेलाला ती वाट सरळ वाटते. जाणता तांडेल मात्र वळसे घेत होडी नेतो. ती वाट फसवी आहे असे आपण म्हणतो. पण खडकांनी कोणाची फसवणूक केली असे कोणी म्हणत नाही. वस्तू फसवी असू शकते. फसवणूक करण्याचा अधिकार, म्हणा वा पाप म्हणा, ते केवळ माणसाकडे आहे.

हा हेतूचा मुद्दा कायद्यानेही फार काळजीपूर्वक मांडलेला आहे. भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली. तिच्या ४१५ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या होती. मराठी अनुवादात तिला ‘ठकवणूक’ असा शब्द योजलेला आढळतो. त्या कलमाखाली दिलेली उदाहरणे प्रत्येक गृहस्थाने एकदा वाचण्यासारखी आहेत. एक उदाहरण नमुन्याचे आहे. मालाचा खोटा नमुना दाखवून, बाकीचा माल तसाच आहे अशी समजूत जो बुद्ध्या करून देतो, तो फसवणूक करतो. पेटीच्या वरच्या थरात मोठे आंबे आणि खालच्या थरात लिंबाएवढे, हा प्रकार ज्यांनी अनुभवला असेल त्यांना हे उदाहरण समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरे उदाहरण निळीचे आहे. निळीची झाडे पुरवितो असे सांगून एकाने आगाऊ पैसे घेतले आणि माल दिला नाही. तो फसवणारा ठरतो काय? कायदा म्हणतो, पैसे घेताना माल देण्याची इच्छाच नव्हती असे असेल तर ठरतो. घेताना देण्याची इच्छा होती, पण पुढे त्याने करार मोडला, तर ती फसवणूक नव्हे. त्याच्यावर दिवाणी दावा लावावा.

केवढा हा सूक्ष्म भेद! ‘त्याने वचन मोडले’ आणि ‘त्याने फसविले’ ही दोन वाक्ये आपण एकाच श्वासात बोलतो. लग्न मोडले, भागीदारी फिसकटली, उसने दिलेले पैसे वेळेवर परत आले नाहीत, की लगेच ‘फसविले’ हा शब्द ओठांवर येतो. प्रश्न विचारावयाचा तो असा की, सुरुवातीलाच त्याच्या मनात तसे होते काय? नसेल, तर तो दुबळा असेल, बेजबाबदार असेल, दैवाचा मारलेलाही असेल. पण फसवणारा नव्हे. ती जुनी दंडसंहिता आता राहिलेली नाही. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली, आणि फसवणुकीचे कलम ३१८ झाले. कायद्यातून ४२० हा आकडा गेला. पण ‘चारसोबीस’ हा शब्द भाषेतून जाण्याची चिन्हे दिसत नाहीत. शब्दांचे आयुष्य कायद्यांहून मोठे असते.

त्या नमुन्याच्या उदाहरणावरून बापूंचे दुसरे पत्र आठवते. दोन्ही घरांचे सूत पुन्हा जुळल्यानंतर काही वर्षांनी, आमच्या बागेस मोहोर कमी आला म्हणून पेटी गेली नाही. बापूंनी पुण्यातच रस्त्याच्या कडेला ‘अस्सल देवगड हापूस’ अशी पाटी पाहून एक पेटी घेतली. पेटीवर देवगड, कागदावर देवगड, विकणाऱ्याच्या तोंडी देवगड. आंबा मात्र कर्नाटकातला. रंग जवळचा, आकार जवळचा, चव दूरची. बापूंनी आम्हांस लिहिले, ‘यंदा आमची थोडी फसगत झाली.’ काकूंनी ते पत्र वाचले आणि त्या हसू लागल्या. त्या म्हणाल्या, “पाहा, शब्द आता पाठ झाला, पण चुकीच्या ठिकाणी.” घरच्या माणसांनी न जाणता वाईट आंबा पाठविला तेव्हा ती ‘फसवणूक’, आणि परक्याने जाणूनबुजून खोटे नाव लावून विकला तेव्हा ती ‘थोडी फसगत’!

येथे न्यायासाठी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. कर्नाटकचा आंबा विकणे हा काही अपराध नव्हे, आणि तेथील बागायतदाराने तर कोणाचेच काही केलेले नाही. तो आंबा त्याच्या नावाने विकला असता तर सौदा चोख होता. अपराध आहे तो नावाचा. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. तरीही खोट्या पाट्या थांबल्या नाहीत. म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळाफळावर क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याचा उपक्रम हाती घेतला, की ज्यायोगे ग्राहकास आंब्याची खातरजमा करून घेता यावी. एका शब्दाचा खरेपणा राखण्यासाठी शेतकऱ्यास एकेका फळावर शिक्का लावावा लागतो, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी वाटते.

असा विक्रेता हटकला असता पुष्कळदा म्हणतो, “मी खोटे कुठे बोललो? कलम हापूसचेच आहे.” या उत्तराला आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी नाव देऊन ठेविले आहे. गौतमाच्या न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत ‘छल’ हा एक आहे, आणि त्याचा पहिला प्रकार ‘वाक्छल’. त्याचे परंपरागत उदाहरण कांबळ्याचे. एकजण म्हणतो, हा मनुष्य ‘नव’कंबल आहे, म्हणजे नवे कांबळे पांघरलेला. प्रतिपक्षी म्हणतो, छे, याच्यापाशी एकच कांबळे आहे, नऊ कोठे आहेत? शब्द तोच, पण बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ सोडून दुसराच धरावयाचा. ‘कलम हापूसचे’ हे वाक्य खरे असूनही ऐकणाऱ्याच्या मनात खोटे उत्पन्न करण्यासाठी योजलेले आहे. कायद्यानेही हेच निराळ्या शब्दांत सांगितले होते, की अप्रामाणिकपणाने खरी गोष्ट दडवून ठेवणे हीसुद्धा फसवणूकच होय.

जाता जाता वाचकांस हेही सांगू, की संस्कृतातला हा ‘छल’ मराठीत येता येता ‘छळ’ झाला आणि त्याचा अर्थ कपट न राहता जाच असा झाला. ‘सासूने सुनेचा छळ केला’ या वाक्यात फसवणूक नाही, दुःख देणे आहे. जुना अर्थ ‘छळकपट’ या जोडशब्दात तेवढा टिकून आहे. ‘वंचित’ शब्दाचीही तीच कथा. मूळ अर्थ फसविला गेलेला. आज आपण तो ‘ज्याला काही मिळाले नाही’ अशा अर्थाने वापरतो. ‘धूर्त’ हा संस्कृतात सरळसरळ ठक. मराठीत मात्र त्याला थोडे कौतुक चिकटले. आणि आपला ‘ठग’ समुद्र ओलांडून इंग्रजीत गेला तो तेथे नुसता गुंड होऊन बसला. त्याचे गोड बोलणे वाटेतच राहिले. म्हणून संस्कृत कोश उघडून मराठी वाक्य शुद्ध ठरविता येत नाही. शब्दाचा आजचा संसार पाहावा लागतो.

हेतूनंतर दुसरी कसोटी विश्वासाची. ज्याच्यावर आपण विश्वास टाकलेला नाही तो आपल्याला दगा देऊ शकत नाही. ‘शेजारच्या अनोळखी माणसाने मला दगा दिला’ हे वाक्य कानाला लागते ते यामुळेच. दगा मित्र देतो, भागीदार देतो, प्रसंगी आपले शरीरही देते. ‘विश्वासघात’ त्याहून भारी. तेथे काहीतरी हवाली केलेले असते, पैसा, दागिना, गुपित, किंवा मूल. ‘अफरातफर’ म्हणावयाची ती हाताखालच्या पैशांत. संस्थेचा चिटणीस अफरातफर करू शकतो, रस्त्यावरचा खिसेकापू करू शकत नाही. ‘लबाडी’ त्या मानाने हलकी. लाडू लपवून ठेवणाऱ्या नातवाला आजी ‘लबाड कुठला’ म्हणते त्यात शिव्या कमी आणि पापे अधिक असतात. तोच शब्द जमाखर्चाच्या वहीवर लिहिला की त्यातले हसू नाहीसे होते.

आणि ‘कावा’? या शब्दावर आम्हां मालवणकरांचा थोडा हक्क आहे. समोर कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्या किल्ल्याचे बांधकाम सुरू करविले, त्याच्या सावलीत आम्ही वाढलो. आणि महाराजांच्या युद्धनीतीचे नावच ‘गनिमी कावा’. घोड्याला वर्तुळात फिरविणे हा कावा शब्दाचा एक अर्थ आहे. सरळ अंगावर न जाता फेरा घेऊन गाठणे, हे त्याचे मर्म. ‘कावेबाज’ म्हटले की आपण नाक मुरडतो आणि ‘गनिमी कावा’ म्हटले की ऊर भरून येतो, हा विरोध वरवरचा आहे. शत्रूशी विश्वासाचे नाते नसतेच. त्याला हुलकावणी देणे हा विश्वासघात होत नाही. तोच फेरा भावाशी घेतला तर तो कावेबाजपणा. क्रिया एकच, नाते बदलले की शब्दाचा रंग बदलतो.

कोकणच्याच इतिहासात याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले, आणि पुढे ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून एक तोतया उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ साली त्याने कोकणात बंड उभारले. अनेक किल्ले त्याच्या हाती गेले, आणि त्याच वर्षी पकडला जाऊन त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाचा विषय हाच. त्याच्याभोवती जमलेले सारेच फसलेले होते काय? कोणी आशेने खरे मानले असेल, कोणी स्वार्थाने. पहिल्यांची फसवणूक झाली. दुसऱ्यांनी फसल्याचे सोंग आणले. ‘आम्ही फसलो’ असे दोघेही म्हणू शकत होते. ‘फसलो’ हा शब्द असा सोयीचा आहे. भोळ्यालाही पुरतो आणि चतुरालाही.

आता एक अवघड गोष्ट. ठकबाज माणसास आपण सहज ‘भामटा’ म्हणतो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तर हा शब्द रोज दिसतो. परंतु हे एका समाजाचेही नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ अशी नोंद आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून पुष्कळ जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला. कायद्याने शिक्का पुसला, पण आपल्या जिभेवर तो तसाच राहिला. शाळेत हजेरी घेताना ज्या मुलाच्या दाखल्यावर हे नाव आहे, त्याने ‘भामट्याने वृद्धेस गंडविले’ हा मथळा कसा वाचावा? आमच्या वाचकांपैकी अनेकांना ‘बामणी कावा’ हा प्रयोग ऐकून कसेसे होते. तो ज्यांनी घडविला त्यांच्या अनुभवास आधार नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. पण जन्मावरून कपटाचा आरोप अंगावर आला म्हणजे कसे वाटते, हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांनी तरी तो शब्द दुसऱ्याच्या मुलाकडे फेकू नये. ठक आहे, ठकसेन आहे, लुच्चा आहे, फसव्या आहे. मराठीला शब्दांची वाण नाही.

आता शेवटचा प्रसंग. बापू आज वृद्ध आहेत. गेल्या वर्षी त्यांना दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने स्वतःस पोलीस अधिकारी म्हणविले. तुमच्या नावे गुन्हा नोंदला आहे, तुम्हांस दूरध्वनीवरच अटकेत ठेविले आहे, कोणाशी बोलू नका, असे धमकावून त्यांच्याकडून मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात भरविली. अशी ‘डिजिटल अटक’ आपल्या कायद्यात कोठेही नाही. पण घाबरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. बापूंनी ही गोष्ट आठ दिवस घरात कोणास सांगितली नाही. आठव्या दिवशी सून रडत आमच्याशी बोलली, आणि आम्ही बापूंना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मी फसलो. माझीच चूक.”

थोरल्या काकू आता नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांनी हात पुढे करून बोलणे स्वतःकडे घेतले. त्या म्हणाल्या, “बापू, एका नासक्या आंब्यासाठी ‘तुम्ही फसवणूक केलीत’ असे आम्हांस लिहिताना तुझा हात कचरला नाही. आणि तुझी आयुष्याची पुंजी नेणाऱ्या चोराविषयी बोलताना तुझ्या वाक्यात तो चोर कोठेच नाही? ‘मी फसलो’ काय म्हणतोस? ‘मला फसविले’ म्हण. मोठ्याने म्हण, आणि पोलिसांत जाऊन म्हण.”

त्यांच्या त्या बोलण्यानंतर बापू उठले. सायबर फसवणुकीची तक्रार घेण्यासाठी सरकारने १९३० हा क्रमांक ठेविला आहे. तेथे त्यांनी तक्रार नोंदविली. आठ दिवसांत पैसे अनेक खात्यांतून फिरून गेले होते. पहिल्याच तासाला कळविले असते तर ती रक्कम कोठेतरी अडविता येण्याचा संभव अधिक होता, असे त्यांना सांगण्यात आले. ते आठ दिवस कोणी खाल्ले? आमच्या मते त्या अकर्मक क्रियापदाने. ‘मी फसलो’ या वाक्यात अपराधी नसतो. असतो तो केवळ मूर्ख ठरलेला ‘मी’. आणि मूर्ख ठरावयाची लाज माणसाला गप्प बसविते. ती लाज हेच ठकाचे खरे भांडवल होय.

म्हणून आमची घराघरांतील वडीलधाऱ्यांस आणि तरुणांस विनंती अशी की, हे शब्द वापरताना क्षणभर थांबून तीन प्रश्न विचारावे. समोर कोणी फसविणारा होता काय? तो जाणून होता काय? आपण त्याच्यावर विश्वास टाकला होता काय? पहिल्याचेच उत्तर ‘नाही’ असेल तर फसगत म्हणावी आणि हसून सोडून द्यावी. आप्तांवर तर दुसरा शब्द कधीच घाईने टाकू नये. फसविणारा होता आणि जाणून होता, तर ती फसवणूक. मग तेथे आपल्या मूर्खपणाचा पाढा वाचीत बसू नये, कर्त्याचे नाव घ्यावे. आणि विश्वासाने हवाली केलेले कोणी गिळले असेल, तर त्याला विश्वासघात म्हणण्यास भिऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. घरात कोणी वृद्ध ‘मी फसलो’ म्हणाला, तर ‘तुम्हांला कळले कसे नाही?’ हा प्रश्न गिळावा, आणि ‘कोणी फसविले?’ हा विचारावा.

यंदा बापूंकडे पेटी गेली. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला: ‘पेटी पावली. तीन आंब्यांत साका निघाला. तीन आंब्यांची फसगत झाली, आमची नाही.’ काकूंनी तो निरोप दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, “आता बरोबर लिहितो.”